आजीव सभासदांची अखेरची तारीख

आमच्या धाकट्या भाऊजींना सगळा पोहण्याचा तलाव 'बघू' म्हणतो. तोंडावर 'सेक्रेटरी', पाठ वळली की 'बघू'. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यांना काहीही विचारा, पाणी कधी बदलणार, शॉवर कधी दुरुस्त होणार, चहा घेणार का, उत्तर एकच. माझे यजमान हयात असताना म्हणायचे, "याला पाळण्यात घातलं तर कोणत्या कुशीवर झोपायचं हे ठरेपर्यंत दूध प्यायची वेळ व्हायची." यात अतिशयोक्ती असेल. फार नसेल.

त्यांचं लग्न झालं ते केवळ माझ्या जावेच्या धडाडीमुळे. दोघं एकाच विमा कंपनीत, समोरासमोरच्या टेबलांवर. भाऊजींनी तिच्याकडे बरीच वर्षं नुसतं बघितलं. शेवटी तिनेच विचारलं, "लग्नाचं काही ठरवणार आहात का?" हे म्हणाले, "बघू." ती तशीच उठली, साहेबांकडे दोघांच्या रजेचे अर्ज ठेवून आली आणि म्हणाली, "तुमचं बघू म्हणजे हो, असं मी धरून चालते." ती आजतागायत तसंच धरून चालते. म्हणून संसार झाला.

त्यांच्या घराच्या दर्शनी भिंतीवर रंगाचे दोन चौकोन आहेत, एक फिकट पिवळा, एक फिकट हिरवा. रंगारी नमुना म्हणून मारून गेला तेव्हा माझी पुतणी शाळेत जात होती. आता तिचं लग्न होऊन घरात जावई आला, पण चौकोनांचा निकाल लागलेला नाही. नवीन माणसाला पत्ता सांगताना जाऊ खुशाल सांगते, "दोन चौकोनांचं घर."

असा माणूस निवृत्त झाल्यावर कुठल्या तरी संस्थेचा सेक्रेटरी होतो. आमच्या पोहण्याच्या तलावाचे झाले. आणि गंमत म्हणजे तिथे त्यांचं बरं चाललं. रोज पहाटे फाटक उघडायला ते सगळ्यांच्या आधी हजर. किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवून गळ्यात. फाटक एक, कुलूप एक, किल्ली एक. निवडायला काही नव्हतंच, त्यामुळे हे एक काम ते न अडखळता करत. कुलूप उघडलं की क्षणभर मागे वळून रांगेकडे पाहायचे. त्या क्षणी त्यांची छाती जरा पुढे आलेली असायची. ती तेवढ्यापुरतीच यायची, म्हणून मी कधी हसले नाही.

हे सगळं बिघडलं ते रजिस्टर पाण्यात पडल्यामुळे. सभासदांची नावं एका जाडजूड रजिस्टरात असत. ते दमट हवेने फुगून पावासारखं झालं होतं. एके दिवशी ते डाव्या बाकावर ठेवावं की उजव्या, या विचारात भाऊजी खोल बाजूच्या काठावर उभे राहिले आणि रजिस्टर हातातून सुटून तळाला गेलं. पोरांनी बुडी मारून वर काढलं, पण शाईने तोवर पाण्याशी संसार थाटला होता. वाचता येण्यासारखं राहिलं ते मुखपृष्ठ.

मग समिती बसली. अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टर, निवृत्त सर्जन. सगळी हयात पोटं उघडण्यात गेल्यामुळे त्यांना विलंब खपत नाही. ते म्हणाले, "कॉम्प्युटर आणा, सॉफ्टवेअर घ्या." कोणतं घ्यायचं ते ठरवण्याचं काम कुणाकडे दिलं असेल? बरोबर.

आता खरं तर यात ठरवण्यासारखं काय होतं? दोन पर्याय समोर आले होते. एक आणला खजिनदार बाईंनी. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, अजूनही सगळ्यांकडे उत्तरपत्रिका बघावी तसं बघतात. त्यांचं होतं सभासदांचं सॉफ्टवेअर. दुसरं आणलं आमच्या जावईबापूंनी. ते ज्या कंपनीत विक्री बघतात तिथलं ग्राहकसंबंधांचं, ज्याला ते लोक सीआरएम म्हणतात. जावईबापूंना आजवर सासऱ्यांकडून कशालाही धड 'नाही' असं उत्तर मिळालेलं नव्हतं. त्याचा त्यांनी सरळ होकार असा अर्थ घेतला आणि तलावाचं काम आपल्याला मिळालंच म्हणून साहेबांना सांगूनही टाकलं.

डॉक्टरांनी मुदत घातली. "वार्षिक सभेत एकाचं नाव सांगा. नाही सांगितलं तर किल्ली बाईंच्या हातात द्या आणि नुसते पोहायला या." भाऊजींनी नकळत गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मी समितीत नाही, पण दाराशी होते, मी पाहिलं.

जावईबापूंनी पहिलं प्रात्यक्षिक आमच्या घरी केलं, कारण जावेने तिच्या घरात कॉम्प्युटर लावायला बंदी घातली होती. ती म्हणाली, "आधी भिंतीचा रंग ठरवा, मग यंत्रं आणा."

"काकू," जावईबापू मला म्हणाले, "हे नुसतं सॉफ्टवेअर नाही. हे नाती सांभाळतं."

"मग तुमच्या सासऱ्यांच्या घरी पाठवा. तिथे गरज आहे."

ते हसले. विक्रीतली माणसं कशालाही हसतात. मग त्यांनी पडद्यावर रकाने दाखवले. माणसं तीन प्रकारची: थंड, कोमट आणि गरम. जो येणारच नाही तो थंड, जो येईल असं वाटतं तो कोमट, जो पिशवी घेऊन निघालाच आहे तो गरम. प्रत्येकाच्या मागे कधी लागायचं, त्याला काय गोड बोलायचं, हे यंत्र सांगतं.

"मी यात कुठे?" मी विचारलं.

"तुम्ही तर कन्व्हर्टेड, काकू."

"मी? कशातून कशात गेले?"

"म्हणजे मिळवलेलं गिऱ्हाईक."

"मला कुणी मिळवलं नाही. तलाव बांधला तेव्हा मी पहिली फी भरली. तुमचे सासरे तेव्हा पोहावं की न पोहावं याचा विचार करत होते."

भाऊजी मध्येच म्हणाले, "पण वहिनी, कल्पना वाईट नाही. थंड, कोमट... पाण्याला शोभतं."

बाईंचं प्रात्यक्षिक तलावाच्या कचेरीत झालं. तिथे टेबल एक, पंखा एक आणि सापडलेल्या चपला-टोप्यांची टोपली एक. बाईंचं यंत्र कुणाशी गोड बोलत नव्हतं. नाव, फोटो, सभासदत्व कधी सुरू, कधी संपणार. फाटकाशी एक आडवी दांडी बसणार. कार्ड टेकवलं की आत घेते, नाहीतर घेत नाही.

"एवढंच?" भाऊजी म्हणाले.

"सेक्रेटरी, संस्थेला एवढंच लागतं. माणूस आत आहे की बाहेर."

"पण यात नातं कुठे दिसतं?"

"नातं तुम्ही घरी बघा," बाई म्हणाल्या.

मला त्याच दिवशी उत्तर ठाऊक होतं आणि ते कुणी विचारलंही नव्हतं, तरी मी सांगितलं. दुकानाचं गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जाऊ शकतं, म्हणून त्याच्या मागे धावायचं. आमची माणसं जातच नाहीत, हीच आमची अडचण. आमचे जवळजवळ सगळेच लोक आजीव सभासद. तरुणपणी एकदाच पैसे भरून बसलेत. नवीन माणसांना नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. जिथे येणाऱ्याला आवरता येत नाही तिथे गिऱ्हाईक ओढायचं यंत्र आणायचं म्हणजे पूर आलेल्या घरात नळ जोडून घेणं.

"पटतंय वहिनी," भाऊजी म्हणाले. "पण जावई आहे."

"मग जावयाचं घ्या."

"पण बाई आहेत."

दोन्ही कंपन्या महिनाभर फुकट वापरू देत होत्या. तेव्हा भाऊजींनी काय केलं असेल? दोन्ही घेतली. दोन दगडांवर पाय ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण हे गृहस्थ दोन्ही दगडांवर बैठक मारून बसले. माझ्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी ओल्या रजिस्टराचा लगदा, आणि लोकांना फोन करून करून गोळा केलेली नावं. एका बोटाने आधी एका यंत्रात, मग तेच नाव दुसऱ्यात. घरभर टकटक.

मग एका दुपारी ते अडले.

"वहिनी, हे पुढे जात नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. बाईंच्या यंत्रात 'आजीव' असा प्रकार होता. सुरुवातीची तारीख भरली होती. अखेरच्या तारखेची चौकट लाल झाली होती. ती रिकामी ठेवली तर यंत्र हलत नव्हतं.

"बाईंना विचारा."

"विचारलं. म्हणाल्या, काहीही टाका, नंतर बदलता येते. पण काहीही म्हणजे काय?"

कुठल्याही शहाण्या माणसाने सगळ्यांना एकच लांबची तारीख टाकली असती आणि चहा घेतला असता. पण भाऊजी विमा कंपनीतले. कोण किती जगणार याचे तक्ते बघण्यात त्यांची नोकरी झाली. मी स्वयंपाकघरात गेले, तर मागून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. "डॉक्टर... एका फेरीत दोनदा काठ धरतात... जिन्यावर थांबतात..." टकटक. "फोटोग्राफरची बायको, वजन कमी, चालते भराभर..." टकटक. मला वाटलं, उथळ बाजूला कुणाला ठेवायचं ते ठरवतायत. एक गोष्ट मात्र तेव्हाही जाणवली. सबंध दुपारभर ते एकदाही 'बघू' म्हणाले नाहीत. बोट नुसतं धावत होतं.

जावईबापूंच्या यंत्रात वेगळं घोडं अडलं. जे सभासद देवाघरी गेले होते, त्यांची नावं 'हातून गेलेलं गिऱ्हाईक' या रकान्यात टाकायची होती आणि जाण्याचं कारण निवडायचं होतं. कारणं तीनच: दर परवडला नाही, प्रतिसाद नाही, दुसरीकडे गेले. भाऊजींनी विचार करून सगळ्यांना 'दुसरीकडे गेले' लावलं. सभ्य माणूस.

सभेला आठवडा राहिला आणि दोन्ही यंत्रं आपापल्या बुद्धीने कामाला लागली.

सकाळी मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरले, तर कुणी कपडे बदलत नव्हतं. सगळ्या ओल्या अंगाने फोन घेऊन उभ्या. प्रत्येकीला संदेश आला होता: 'आपले आजीव सभासदत्व अमुक तारखेपर्यंत वैध आहे.' आमच्याकडे दोन जुळ्या बहिणी आहेत, पन्नाशीच्या. टोपी एकसारखी, पोहणं एकसारखं, एकमेकींचा टॉवेलही चालतो.

"माझी तुझ्याआधी चार वर्षं का?" थोरली म्हणाली. ती थोरली तेवढीच, जन्माच्या घाईपुरती.

"तू चिडतेस."

"मी चिडत नाही."

"आत्ता काय करतेयस मग?"

फोटोग्राफरची बायको कोपऱ्यात बसून केस पुसत होती. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. तिने फोन माझ्यापुढे धरला. 'आम्हाला तुमची आठवण येते. दुसरीकडे मन रमतंय का? परत या, पहिला महिना अर्ध्या दरात.' खाली नवऱ्याचं नाव.

मी संदेश दोनदा वाचला. तीच म्हणाली, "हा जिवंतपणी पूर्ण दरात येत नव्हता, सर्दी होते म्हणून. आता अर्ध्यात येईल का, विचारून सांगते." आणि मग टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ केस पुसत राहिली, केस वाळले होते तरी.

बाहेर आल्यावर मी भाऊजींना गाठलं. ते फाटकाशी उभे होते, किल्ली मुठीत.

"माझी तारीख काय टाकलीत?"

"यंत्र घेईल ती सगळ्यात शेवटची."

"का? मी काय अमृत प्यायले?"

"नाही. पण तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं."

वार्षिक सभा तलावाच्या वरच्या मजल्यावर भरते. एरवी पाचपंचवीस डोकी असतात, ती चहासाठी. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. जावईबापू कंपनीच्या साहेबांना घेऊन पहिल्या रांगेत. बाई फळ्याजवळ. डॉक्टरांनी उठून आपला फोन वाचून दाखवला.

"'आपले आजीव सभासदत्व येत्या मार्चमध्ये संपत आहे. खंड पडू नये म्हणून वेळेत नूतनीकरण करावे.'" त्यांनी चष्मा काढला. "सेक्रेटरी, मार्चच का?"

भाऊजी उभे राहिले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. त्यालाही निर्णय लागतो.

"डॉक्टर, तुम्ही पाण्यातून वर आलात की ओठ जरा निळे दिसतात."

"पाणी गार असतं."

"बाकीच्यांचे नाही दिसत."

डॉक्टरांनी ओठांना हात लावला आणि तो लगेच खाली घेतला. पोटं उघडणाऱ्या माणसाला कुणीतरी बाहेरूनच वाचलं होतं. खाली न बघता ते म्हणाले, "ते राहू द्या. दोनातलं कोणतं घ्यायचं?"

इथे एक शब्द पुरला असता. दोन्हीपैकी कोणताही. बाईंचं म्हणाले असते तर किल्ली राहिली असती, जावयाचं म्हणाले असते तर किल्लीबरोबर जावईही राहिला असता. भाऊजींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. लहानपणी पोरं तळ्यात-मळ्यात खेळतात, त्यात जो पाय उचलून मध्येच ताटकळतो, तसे.

"दोन्हीत गुण आहेत," ते म्हणाले. "बघू."

लोक हसले. मग हात वर करून मत घेतलं. सगळे बाईंच्या बाजूने, फोटोग्राफरच्या बायकोने तर दोन्ही हात वर केले. जावईबापू साहेबांना जिन्यापर्यंत सोडून परत आले.

"बाबा, तुम्ही मला एकदा सरळ 'नाही' म्हणायचं होतं. मी साहेबाला सांगितलं तरी नसतं."

"तुम्ही विचारलं नाहीत, नको का म्हणून."

"असं कोण विचारतं?"

भाऊजींनी दोरीतून किल्ली सोडवायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. शेवटी बाईंनी शिट्टीसकट दोरीच मागितली. तेव्हा मात्र गाठ लगेच सुटली. शिट्टी भाऊजींनी ठेवून घेतली.

पुढे बाईंनी जाहीर केलं की ज्याला तारीख बदलून हवी त्याने येऊन सांगावी. म्हणजे माणसाने तोंडाने आपलं आयुष्य मागायचं. सुरुवातीला लोक लाजले. डॉक्टर म्हणाले, "दहा वर्षं पुरे." मग घरी जाऊन आले, हृदयाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले म्हणतात, आणि म्हणाले, "शेवटची कोणती आहे? तीच द्या." जुळ्यांनी एकमेकींवर नजर ठेवून तीच घेतली. महिन्याच्या आत सगळ्या तलावाने माझी तारीख घेतली. आता आम्ही सगळे एकाच दिवशी संपणार. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, रकाना सरळ दिसतो म्हणाल्या.

फाटकाची दांडी बसली त्या पहिल्या सकाळी रांग लागली. भाऊजी नेहमीच्या वेळेला आलेले, टॉवेल खांद्यावर, गळ्यात नुसती शिट्टी. उघडायला काही नव्हतं. रांगेत त्यांच्यापुढे मी, मागे जाऊ. मी कार्ड टेकवलं, दांडी सरकली, मी आत गेले. त्यांनी हात पुढे केला तर हातात कार्डच नाही. सगळ्यांची नावं घातलेल्या माणसाने स्वतःचं नाव घातलंच नव्हतं.

बाई खिडकीतून म्हणाल्या, "का नाही घातलंत?"

"तारीख ठरेना."

"डॉक्टरांची ठरली."

"दुसऱ्याची सोपी असते, बाई."

"शेवटची टाकते. सगळ्यांनी तीच घेतलीये."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी "बघू, लवकर" म्हणालं, या वेळी तोंडावर. भाऊजींनी ऐकलं. दांडीवर हात ठेवून ते उभे राहिले, आणि मला वाटलं, आता हा माणूस इथेच उभा राहणार, भिंतीवरच्या चौकोनासारखा.

"ती नको," ते म्हणाले. "सगळे एका दिवशी गेले तर यादीतून नावं काढणार कोण? मला एक दिवस पुढची द्या."

बाईंनी टाकून पाहिली. चौकट लाल झाली. "त्याच्या पुढची यंत्र घेत नाही."

"मग बाकीच्यांची एक दिवस अलीकडे घ्या."

"सगळ्या तलावाची?"

"निदान वहिनींची तरी. त्यांचं नाव दुसऱ्या कुणी काढलेलं त्यांना आवडणार नाही."

हे त्यांनी न अडखळता सांगितलं. कुलूप उघडताना येत असे तेवढी छातीही पुढे आली होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल का तुम्हाला?"

मी दांडीच्या आतल्या बाजूला, अंगावर टॉवेल, पायाखाली गार फरशी. एका दिवसाचा प्रश्न होता, पण दिवस माझा होता. तोंडातून निघून गेलं, "बघू."

"बघू म्हणजे हो," मागून जाऊ म्हणाली. "टाका बाई, रांग खोळंबलीये."